खारा शेंगदाणा : शेतापासून पुडीपर्यंत (प्रस्तावना)

शेंगदाणा म्हणजे भुईमुगाच्या शेंगेतले बी. भुईमूग ही तूर, मूग, हरभरा यांच्या कुळातली वनस्पती. शास्त्रीय नाव अराकिस हायपोजिया. दुकानात शेंगदाण्याची बरणी काजू-बदामांच्या शेजारी असते आणि खाणारेही त्याला ‘गरिबांचा बदाम’ म्हणतात. वनस्पतिशास्त्रात मात्र त्याचे नाते डाळींशी आहे. वेगळेपण आहे ते स्निग्धांशात. हरभऱ्यात तो पाच-सहा टक्के असतो, तर शेंगदाण्यात पंचेचाळीस ते पन्नास टक्के. म्हणून शेंगदाणा कडधान्यासारखा शिजवता येतो, गळिताच्या धान्यासारखा घाण्यात घालता येतो आणि मेव्यासारखा नुसता भाजूनही खाता येतो. एकाच दाण्याला हे तिन्ही जमणे दुर्मीळच.

हा दाणा इथे पाहायचा आहे तो उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांच्या नजरेतून. ही तीन शहरे मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर एकापाठोपाठ येतात. पहिल्या दोन शहरांतून वालधुनी नदी वाहते, तर बदलापूर उल्हास नदीच्या काठी आहे. आसपासची शेती मुख्यतः भाताची आहे. भुईमूग हे इथले महत्त्वाचे पीक नाही आणि पूर्वीही नव्हते. इथे शेंगदाणा बाहेरून येतो, मग तो भाजला जातो, विकला जातो आणि खाल्ला जातो. या पट्ट्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीच असते. शेंगदाण्याचे जवळजवळ सगळे गुणदोष ओलाव्याशी निगडित आहेत. शेतात ओलावा किती होता, शेंग किती वाळली, भट्टीत दाण्यातले पाणी किती गेले आणि नंतर हवेतून किती परत आले, यावर पुडीतल्या दाण्याची चव ठरते. पुढची माहिती या धाग्यानेच वाचावी.

भुईमुगाचे सर्वांत नवलाचे अंग म्हणजे त्याचे फळणे. पेरणीनंतर साधारण पंचवीस-तीस दिवसांनी पानांच्या बेचक्यांत लहान पिवळी फुले येतात. ती पहाटे उमलतात आणि बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळतात. फूल कोमेजले की त्याच्या तळातून एक टोकदार देठ वाढू लागतो. शेतकरी त्याला आरी म्हणतात. हा देठ उजेडाकडे न जाता खाली झुकतो, जमिनीत चार-पाच सेंटिमीटर शिरतो, तिथे आडवा होतो आणि त्याच्या टोकाला शेंग धरते. जमिनीपर्यंत न पोचलेल्या आऱ्या वाया जातात; अंधार आणि मातीचा स्पर्श मिळाल्याशिवाय शेंग भरत नाही. एकूण फुलांपैकी थोडीच शेवटी शेंगेपर्यंत पोचतात.

भुईमुगाच्या मशागतीचे सारे नियम यातूनच निघतात. जमीन भुसभुशीत हवी, नाहीतर आरी आत शिरत नाही. आऱ्या सुटू लागल्यावर शेतावरून रिकामा ड्रम फिरवतात, तो उंच राहिलेल्या आऱ्या जमिनीला टेकाव्यात म्हणून. त्यानंतर कोळपणी करत नाहीत, कारण मातीत शिरलेली आरी हलली की तुटते. पिकाला जिप्सम देतात. शेंगेला लागणारा कॅल्शियम मुळांतून फारसा मिळत नाही, शेंग तो भोवतालच्या मातीतून स्वतः शोषून घेते. कॅल्शियम कमी पडला तर टरफल चांगले दिसते, पण आत दाणा नसतो. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या पोकळ शेंगांचे हे एक मोठे कारण आहे.

या वनस्पतीचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत आहे, दक्षिण बोलिव्हिया आणि वायव्य अर्जेंटिना यांच्या सीमेवरच्या प्रदेशात. तिथे अराकिस ड्युरानेन्सिस आणि अराकिस इपाएन्सिस या दोन रानटी जातींच्या संकरातून आजचा भुईमूग जन्मला. दोन्हींचे गुणसूत्रसंच त्यात शाबूत राहिल्यामुळे त्याची गुणसूत्रे चाळीस, म्हणजे त्या पूर्वजांच्या दुप्पट आहेत. या दोन रानटी पूर्वजांचा जनुकीय आराखडा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि खुद्द भुईमुगाचा २०१९ मध्ये. पेरूमध्ये हजारो वर्षांपूर्वीचे भुईमुगाचे अवशेष सापडले आहेत. त्याच देशात सिपान येथे १९८७ मध्ये मोचे संस्कृतीतल्या एका सत्ताधीशाचे थडगे उघडले गेले. त्यात भुईमुगाच्या शेंगांच्या आकाराच्या मण्यांचा हार होता, निम्मे मणी सोन्याचे आणि निम्मे चांदीचे. आज गरिबांचा मेवा म्हणून ओळखली जाणारी ही शेंग तिच्या मायदेशात राजाच्या गळ्यात होती.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांतून ती आफ्रिकेत आणि आशियात पोचली. भारतात ती नेमकी कोणत्या बंदरातून आणि कोणत्या वर्षी उतरली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. व्यापारी पीक म्हणून तिचा विस्तार झाला एकोणिसाव्या शतकात, आणि त्यामागे भारतीयांची भूक नव्हती, फ्रान्सचा साबण होता. मार्सेयच्या कारखान्यांना तेल हवे होते आणि पुद्दुचेरी व मद्रासच्या बंदरांतून भुईमूग तिकडे जाऊ लागला. मुंबई इलाख्यातही दख्खन आणि दक्षिण महाराष्ट्रात लागवड वाढली. मग पानांवर ठिपके पाडणाऱ्या टिक्का रोगाने आणि बियाण्याच्या ऱ्हासाने शतक संपता संपता पीक खालावले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी शेतीखात्याने परदेशी वाण आणून ते सावरले. त्या वाणांतला ‘स्पॅनिश’ हा शब्द आजही बाजारभावाच्या तक्त्यात आहे. १९३०च्या दशकात वनस्पती तुपाचे कारखाने निघाले आणि भुईमुगाच्या तेलाला घरचाच मोठा ग्राहक मिळाला. महाराष्ट्रात गोडेतेल म्हटले की शेंगदाण्याचेच तेल समजले जाई. पामतेल, सोयाबीन आणि सूर्यफूल यांनी ही सवय नंतर मोडली.

मराठी वाचकाला शेंगदाण्याचा जागतिक इतिहास बहुधा एकाच माणसामुळे माहीत असतो. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या १९८१ सालच्या पुस्तकाने अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर घराघरांत पोचवला. कापसाने निकस झालेल्या अलाबामातल्या जमिनीत भुईमूग लावा, त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र मातीत आणतील, हा कार्व्हरचा सल्ला होता. पिकलेल्या शेंगांचे करायचे काय, हा प्रश्न त्यातूनच आला, आणि त्याचे उत्तर म्हणून १९१६ मध्ये त्याने शेंगदाण्याच्या एकशे पाच पाककृतींची पुस्तिका काढली. पीनट बटर त्याने शोधले, अशी समजूत आहे. ती खरी नाही. मॉन्ट्रियलच्या मार्सेलस एडसनला शेंगदाण्याच्या लगद्याचे पेटंट १८८४ मध्येच मिळाले होते. कार्व्हरचे मोठेपण या एका शोधावर अवलंबूनही नाही.

लागवडीत महाराष्ट्राचे शेतकरी तीन ठेवणींचा भुईमूग ओळखतात : उपट्या, निमपसऱ्या आणि पसऱ्या. उपट्या जातींची झाडे उभी वाढतात, शेंगा खोडाजवळ गोळा होतात आणि पीक साधारण १०० ते ११५ दिवसांत निघते. पसऱ्या जाती जमिनीवर फाकतात, त्यांना जास्त दिवस लागतात, पण दाणा सहसा जाड असतो. खरिपाचा भुईमूग जून-जुलैत पेरतात, तर उन्हाळी भुईमूग जानेवारी-फेब्रुवारीत. भाजून खायला उन्हाळी माल चांगला मानतात. याचे कारणही ओलावाच आहे : काढणीच्या वेळी कडक ऊन मिळते आणि शेंग लवकर सुकते.

वाणांच्या इतिहासात या तीन शहरांच्या जवळचेच एक नाव येते. अणुसंशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्साराने बियाण्यात बदल घडवून भुईमुगाचे नवे वाण तयार करण्याचे काम दशकानुदशके चालले आहे. पहिला वाण, टीजी-१, १९७३ मध्ये आला. १९९१ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर काढलेला टीएजी-२४ हा बुटका आणि लवकर येणारा वाण उन्हाळी भुईमुगात फार पसरला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाबरोबरही जाड दाण्याचे वाण निघाले, भाताच्या काढणीनंतर रिकाम्या खाचरात घेण्यासाठी. जळगावच्या गळीतधान्य संशोधन केंद्राचा जेएल-२४, म्हणजेच फुले प्रगती, हा सत्तरच्या दशकाअखेरचा आणखी एक गाजलेला वाण. खारे दाणे खाताना अणुकेंद्राची आठवण कुणाला होत नाही, पण संबंध खरा आहे. अर्थात किरणोत्सार बियाण्याच्या एका पिढीला दिला जातो, पुडीतल्या दाण्याला नाही.

आज जगात सर्वांत जास्त भुईमूग चीन पिकवतो. त्याखालोखाल भारत, आणि भारतात गुजरात सर्वांच्या पुढे. कल्याण आणि वाशीच्या बाजारांतून या शहरांत येणाऱ्या मालात म्हणूनच सौराष्ट्राचा वाटा मोठा. घाऊक व्यापारी दाणा जातीवरून जितका ओळखतात, तितकाच आकारावरून. महाराष्ट्राच्या बाजारात जाडा, स्पॅनिश आणि घुंगरू ही नावे चालतात. घुंगरू हा बारीक, गोलसर दाणा. तो कुटासाठी आणि चटणीसाठी चांगला. भाजून विकण्यासाठी मोठा, एकसारखा दाणा निवडतात. एकसारखेपणाला इतके महत्त्व का, ते भट्टीपाशी समजते.

भाजणाऱ्यापुढची अडचण साधी आहे. दाणा आतपर्यंत भाजायला हवा, पण साल जळता कामा नये. कोरड्या कढईत दाण्याचा एकच बिंदू लोखंडाला टेकतो आणि तिथे काळा डाग पडतो. म्हणून भडभुंज्याच्या धंद्यात फार जुन्या काळापासून वाळू किंवा जाड मीठ वापरतात. तापलेले कण दाण्याला सर्व बाजूंनी वेढतात आणि उष्णता सगळीकडे सारखी लागते. खाऱ्या दाण्यासाठी आधी दाणे मिठाच्या गरम पाण्यातून काढतात, काही जण त्यात हळद घालतात, मग ते निथळून सुकू देतात. त्यामुळे मीठ सालीवर न राहता आतही उतरते. भरूचची खारी शिंग याच कामासाठी प्रसिद्ध आहे. सुकलेले दाणे कढईतल्या तापलेल्या वाळूत पडले की झारा थांबत नाही. शेवटी सगळे चाळणीवर घेतात; वाळू खाली आणि दाणे वर.

या काही मिनिटांत दाण्यात दोन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे पाणी जाते : कच्च्या दाण्यातले सहा-सात टक्के पाणी भाजल्यावर एक-दोन टक्क्यांवर येते. कुरकुरीतपणा म्हणजे हेच. दुसरी म्हणजे दाण्यातली साखर आणि अमिनो आम्ले उष्णतेने एकमेकांशी संयोग पावून नवी द्रव्ये बनवतात. भाजल्या शेंगदाण्याचा ओळखीचा वास मुख्यतः पायराझिन गटातल्या द्रव्यांचा असतो; कच्च्या दाण्याला तो नसतो, त्याचा वास हिरव्या वाटाण्याच्या जवळचा असतो. दाणे लहानमोठे असले तर मोठा भाजेपर्यंत लहान करपतो, म्हणून निवड आधी करावी लागते. साल बोटांनी चोळताच निघू लागली की कढई उतरवायची. दाणा बाहेर काढल्यावरही स्वतःच्या उष्णतेने थोडा भाजत राहतो, तेव्हा अनुभवी हात किंचित आधीच थांबतो. आणि गरम दाणा कधीही बंद डब्यात भरायचा नाही. त्याची वाफ आतच राहिली तर भट्टीने काढलेले पाणी परत त्याच्यातच मुरते.

उल्हासनगरच्या बाजारात या व्यवहाराची पार्श्वभूमी वेगळी आहे. हे शहर दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीतून उभे राहिले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या बराकींत जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची पायाभरणी होऊन तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीच्या पाच कॅम्पांचे क्रमांक पत्त्यात आजही तसेच आहेत. सिंधमध्ये घर, जमीन आणि दुकान मागे टाकून आलेल्यांकडे भांडवल नव्हते. अनेकांनी किरकोळ विक्री आणि घरगुती खाद्यपदार्थ यांवर संसार पुन्हा उभा केला. भाजलेले चणे-दाणे अशा काळात सोयीचे : लागणारा पैसा थोडा, माल रोजच्या रोज खपणारा आणि एका टोपलीत मावणारा. जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी, सिंधी वस्त्यांत लाल लोईची शेकोटी पेटते. त्या दिवसांत तिळाच्या जोडीने शेंगदाण्याचे गोड पदार्थही घरात येतात. मराठी घरांत त्याच सुमारास तिळगूळ आणि गुळाच्या पोळीची तयारी चालू असते आणि त्यातही कुटाला जागा असतेच. थंडीच्या ऐन दिवसांत तेलकट, उष्ण दाणा खावा, यावर दोन्ही परंपरांचे मतभेद नाहीत.

शेंगदाण्याला सर्वांत मोठे गिऱ्हाईक मिळते रेल्वेत. बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटरवर आहे आणि धीम्या गाडीने जायला दीड तासाहून अधिक लागतो. एवढा वेळ हातात काहीतरी हवे असते. लोकलमधला विक्रेता आपल्या मालाला ‘टाइमपास’ म्हणतो. मुंबईकडच्या गाड्यांत हा शब्द खाऱ्या शेंगदाण्याचे जणू दुसरे नावच झाला आहे. परवान्याशिवाय गाडीत विक्री करणे रेल्वे कायदा, १९८९च्या कलम १४४ खाली गुन्हा आहे, त्यामुळे हा व्यापार कायम पळापळीचा. पुडी कागदाची असते. छापील कागदाची शाई खाण्याला लागते, म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असे अन्नसुरक्षा प्राधिकरण सांगते. सल्ला योग्य आहे, विशेषतः दाणे गरम आणि तेलकट असताना. पण कागदाची पुडी एका बाबतीत शहाणी आहे : ती लगेच संपवण्याएवढीच असते.

याच मार्गावर पुढे, घाट चढल्यावर, लोणावळ्याची चिक्की येते. तिचा उगम घाटातल्या रेल्वेच्या कामाशी जोडला जातो. तिथल्या मजुरांना गूळदाणी विकली जाई आणि तिचीच पुढे चिक्की झाली, अशी कथा आहे. कथेतला तपशील काहीही असो, त्यामागचा हिशेब पटण्यासारखा आहे : गूळ, दाणे आणि थोडे तूप, म्हणजे स्वस्त, टिकाऊ आणि भरपूर शक्ती देणारे खाणे. पाक पाण्यात टाकल्यावर कडक होऊन टचकन तुटला पाहिजे. मऊ राहिला तर चिक्की दाताला चिकटते. इथेही गुळातले पाणी किती घालवले, यावरच सगळे अवलंबून.

स्वयंपाकघरात शेंगदाणा खाऊ म्हणून कमी आणि कूट म्हणून जास्त वावरतो. कोशिंबीर, भरली वांगी, आमटी, सोलापुरी शेंगाचटणी, कांदेपोह्यांतले तळलेले दाणे, चिवडा. ही यादी लांबवता येईल. पण उपवासाच्या ताटाकडे थांबून पाहायला हवे. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मधले, म्हणजे इसवी सन १०६० चे. शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातल्या या मंदिराची महाशिवरात्रीची जत्रा जिल्ह्यात मोठी. त्या दिवशी अंबरनाथच्या घरांत साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी होते. मंदिर बांधले गेले तेव्हा यांतली वरीच तेवढी इथे होती. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, बटाटा, हिरवी मिरची आणि शेंगदाणा, चारही अमेरिका खंडातले. खिचडीत जुने असे तूप-जिरे आणि मीठ एवढेच. उपवासाला धान्य चालत नाही, हा नियम जुना आहे. नव्याने आलेल्या या पिकांबद्दल त्यात काही म्हटलेले नव्हते आणि लोकांनी ती जागा भरून काढली. परंपरा किती चटकन नवे सामावून घेते, त्याचे याहून चवदार उदाहरण शोधावे लागेल.

पावसाळ्याच्या शेवटी बाजारात ओल्या शेंगा येतात. त्या मीठ घालून उकडतात किंवा निखाऱ्यावर भाजतात. उकडलेल्या शेंगेची चव कडधान्याच्या जवळ जाते, कारण तिच्यात भाजण्याचा वास तयारच होत नाही. ओली शेंग टिकत नाही, दोन-तीन दिवसांत तिच्यावर चिकटपणा आणि बुरशी येते. घेतली त्याच दिवशी शिजवावी.

पोषणाच्या दृष्टीने शंभर ग्रॅम कच्च्या शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने, ४५ ते ५० ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि साडेपाचशेच्या आसपास किलोकॅलरी असतात. स्निग्धांश बहुतेक असंपृक्त, म्हणजे ओलेइक आणि लिनोलेइक आम्लांचा. नायसिन, फोलेट आणि मॅग्नेशियम यांचे प्रमाणही चांगले. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम दाण्यांतून सात-आठ ग्रॅम प्रथिने आणि पावणेदोनशे किलोकॅलरी मिळतात. गाडीत बसल्या बसल्या दोन पुड्या संपवणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. प्रथिनांत लायसिन कमी असते, त्यामुळे दाणे डाळीची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाहीत. रक्तदाब असणाऱ्यांनी खाऱ्याऐवजी साधे भाजलेले दाणे घ्यावेत.

शेंगदाण्याला होणारे बिघाड तीन आहेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. पहिला सादळणे. हवेतली आर्द्रता साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून ओले होते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ती बहुतेक दिवस त्याच्या वरच असते. खारा दाणा बिनमिठाच्या दाण्याआधी मऊ पडतो तो यामुळे. सादळलेला दाणा वाईट नसतो. मंद आचेवर पुन्हा गरम करून थंड केला की कुरकुरीत होतो. दुसरा बिघाड खवटपणा. दाण्यातले तेल हवेतल्या प्राणवायूने बिघडते, त्याला कुबट वास आणि कडसर चव येते. उजेड, उष्णता आणि दाण्याला पडलेल्या चिरा यांनी हे लवकर होते. म्हणून अख्खा दाणा कुटापेक्षा आणि कच्चा दाणा भाजलेल्यापेक्षा जास्त टिकतो. खवट दाणा कितीही भाजला तरी सुधारत नाही, तो टाकावाच.

तिसरा बिघाड बुरशीचा, आणि तोच खरा धोक्याचा. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेता कारण निघाले ते ब्राझीलमधून आणलेली शेंगदाण्याची पेंड. तिच्यावर वाढलेल्या अॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचे विष अफ्लाटॉक्सिन म्हणून ओळखले जाऊ लागले. ते यकृताला घातक आहे, त्यातला बी-१ हा प्रकार कर्करोगकारक आहे आणि घरच्या भाजण्याने ते पूर्ण नष्ट होत नाही. बुरशी शेतात, शेवटच्या टप्प्यात पाण्याचा ताण पडला तर लागते. काढणीनंतर शेंग नीट वाळली नाही तर फोफावते. शेंगेतला ओलावा आठ-नऊ टक्क्यांच्या खाली आणून मगच साठवण करावी, असे सांगतात ते यासाठी. ग्राहकाच्या हाती एवढेच आहे : सुरकुतलेले, काळपट, हिरवट छटा असलेले किंवा तोंडात कडू लागलेले दाणे वेगळे काढावेत, आणि कडू दाणा गिळू नये. पावसाळ्यात थोडेथोडे आणून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावेत. जास्त घेतले असतील तर फ्रिजमध्ये.

अॅलर्जी हा आणखी एक विषय. पाश्चात्त्य देशांत शेंगदाण्याची अॅलर्जी मुलांमध्ये बरीच आढळते आणि ती जिवावरही बेतू शकते. पूर्वी तान्ह्या मुलांना शेंगदाण्यापासून दूर ठेवण्याचा सल्ला दिला जाई. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका मोठ्या चाचणीने तो उलटा ठरवला. अॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या सहाशेहून अधिक बाळांपैकी ज्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून शेंगदाण्याचे पदार्थ दिले, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयात अॅलर्जीचे प्रमाण फारच कमी निघाले. हे मऊ पदार्थांबद्दल आहे, आणि धोका असलेल्या बाळाला ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायचे. अख्खा दाणा लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तो देऊ नये.

उरते ते टरफल. शेंगेच्या वजनाचा चौथा हिस्सा किंवा थोडा अधिक टरफलाचा असतो. मराठी माणसाच्या मनात टरफल म्हटले की टिळकांच्या शाळेतली गोष्ट येते : शेंगा मी खाल्ल्या नाहीत, टरफले मी उचलणार नाही. या शहरांत शेंगा बहुधा सोललेल्या दाण्यांच्या रूपात येतात, त्यामुळे टरफलांचा ढीग मागे राहतो तो सौराष्ट्रातल्या आणि खानदेशातल्या शेंगा फोडण्याच्या गिरण्यांत. तिथे टरफल दाबून त्याच्या कांड्या करतात. व्यापारात त्यांना पांढरा कोळसा म्हणतात आणि कारखान्यांचे बॉयलर त्यावर चालतात. तेल काढल्यावर राहिलेल्या पेंडीत चाळीस टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात आणि ती गोठ्यात जाते. पेंड ओलसर जागी ठेवली तर तिच्यातही तीच बुरशी वाढते, आणि गाई-म्हशींच्या शरीरातून ते विष एम-१ या रूपात दुधात उतरते. पेंडीची पोती म्हणूनच जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून अंतर राखून रचतात.